साध्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजता

‘आमच्या नगरात सध्या एकशे बारा पात्रं राहतात. त्यांपैकी एकशे नऊ जणांचे आईवडील कुठल्या ना कुठल्या स्फोटात गेलेले आहेत. तुमची ‘काळरात्र’ एकशे दहावी झाली असती. कुणाला तरी आईबाप असू द्या. अर्ज परत.’

नेट कॅफेच्या पडद्यावर हे वाचलं आणि मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या खुर्चीवर एक काका मुलीसाठी स्थळं बघत बसले होते. त्यांना वाटलं, मलाही कुणीतरी नकार कळवलाय. तसं पाहिलं तर त्यांचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

गोष्ट दोन हजार दहा सालची, इचलकरंजीतली. मी एकोणीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. इंटरनेटवर ‘कवचनगर’ नावाचं एक मराठी शहर होतं. शहर म्हणजे नुसतं लिहिलेलं. साठ-सत्तर माणसं मिळून ते चालवायची. प्रत्येकाची तिथं एक-दोन पात्रं, पात्राला एक अचाट शक्ती, आणि मुख्य नियम एकच की आपण आपलंच पात्र लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. कुणी लिहायचं, धरणाची भिंत फुटली. त्यावर नगर जिल्ह्यातला एक बँकेतला माणूस लिहायचा, माझ्या वज्रबाहूनं भिंतीला खांदा लावला. मग लातूरची कुणी बाई लिहायची, माझी मेघना खालच्या वस्तीत शिरली. चित्रं नाहीत, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. जो चांगलं लिहील त्याच्या पुढच्या मजकुराची सगळे वाट बघायचे.

आठ महिने मी वेशीबाहेरून हे वाचत होते. कॉलेजात मी तिसऱ्या बाकावरची मुरदंडे होते, घरी उज्जी होते. पण मला लिहिता येतं एवढी एकच गोष्ट मला स्वतःबद्दल खात्रीनं ठाऊक होती, आणि ती दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. मला त्या शहरात जायचं होतं. नुसतं वाटत होतं असं नाही, जेवताना घास हातात धरून मी तिथंच असायचे.

आत जायचं तर आधी जकात नाका. तिथं पात्राचा अर्ज टाकायचा: नाव, शक्ती, कमजोरी, पोटापाण्याचा धंदा, आणि खाली लिहिणाऱ्याचं गाव. अर्ज तपासणारा जो कोण होता तो ‘जकातदार’ या नावानं लिहायचा. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. तीनदा अर्ज परत आला की नाका वर्षभर बंद, असा नियम.

माझा पहिला अर्ज होता ‘अग्निशिखा’चा. तिला आठ शक्ती होत्या. आग, उडणं, अदृश्य होणं, मनातलं ओळखणं, बाकीच्या आता आठवतही नाहीत. कमजोरीच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘फार दयाळू आहे.’ जकातदारांनी उत्तर दिलं होतं की ही आली तर आम्हा सगळ्यांना पोहे खात बसून राहावं लागेल, दुसरं काही काम उरणार नाही. म्हणून मग मी काळरात्र केली. तिला एकच शक्ती, निळ्या दगडाची भीती, आणि भूतकाळ असा काळाकुट्ट की लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. तीही परत आली.

पण या वेळी नकाराखाली दोन ओळी जास्त होत्या. ‘तुम्हाला लिहिता येतं, म्हणून एक प्रश्न सुचवतो. साध्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता, शहरावर कसलंही संकट नसताना, तुमचं पात्र काय करत असतं? आणि त्याला हाक कोण मारतं? याचं उत्तर असेल तरच तिसरा अर्ज करा. नवं पर्व रविवारी सुरू होतंय. शनिवारी दिवेलागणीला नाका बंद होईल.’

त्या दिवशी सोमवार होता. मी घरी येईपर्यंत काळरात्रीला सकाळी नऊ वाजता काय करायला लावावं याचा विचार करत होते. ती काळा झगा घालून कड्यावर उभी असायची, पण नऊ वाजता कड्यावर ऊन असतं.

मला साधी माणसं नऊ वाजता काय करतात हेच ठाऊक नव्हतं, कारण नऊला मी स्वतः आवरत असायचे. म्हणून मंगळवारी सकाळी आईनं अण्णांचा डबा बांधला तेव्हा मी म्हटलं, आज मी नेते. आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, विरुपाक्ष मुरदंडे, गावभागातल्या एका शेडमध्ये यंत्रमागावर होते. सहा माग एकट्यानं सांभाळायचे. गावात चांगला विणकर कोण असं कुणी विचारलं की पहिल्या तीन नावांत त्यांचं नाव यायचं, आणि उरलेली दोन नावं सांगणाराची भावकी असायची. घरात मात्र ते फार बोलत नसत. फोन आला तर आईच घ्यायची, कारण त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. आणि आमच्या घरात एक रीत होती. अण्णांशी बोलायचं तर पुढं जाऊन, त्यांच्या समोर उभं राहून बोलायचं. पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची नाही, बोलताना तोंडावर हात किंवा पदर धरायचा नाही. “चांगल्या घरची पोरं मागनं वरडत न्हाईत,” असं आई लहानपणापासून सांगायची. ती रीत माझ्या अंगात इतकी मुरली होती की कॉलेजात फळ्याकडं तोंड केलेल्या सरांना शंका विचारायची असली तरी मी बाकावरून उठून, वळसा घालून, फळा आणि सर यांच्या मधे जाऊन उभी राहायचे. वर्ग हसायचा. मला वाटायचं, यांच्या घरी कुणी वळण लावलेलं नाही.

शेडच्या दारात पोचले तर आतल्या खडखडाटानं छाती हलायला लागली. चोवीस माग एकदम चालू होते. मी तिथं याआधी दोनदाच आले होते, तीही खंडेनवमीला, माग बंद ठेवून पूजा चाललेली असताना. त्या आवाजात माणूस आपला स्वतःचा खोकला ऐकू शकत नाही. पण आत सगळे आरामात गप्पा मारत होते. अण्णा या टोकाला, रसूलमामा त्या टोकाला. रसूलमामा म्हणजे तिथले जॉबर, बिघडलेला माग दुरुस्त करणारे, अण्णांचे वीस वर्षांचे दोस्त. दोघांचे नुसते ओठ हलत होते आणि दोघं हसत होते. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की शेडमधल्या एकाही माणसाची मिशी ओठावर आलेली नाही. सगळ्यांनी काठाकाठानं कापलेली. पुढं कळलं की तिथं तो अलिखित नियमच होता: ओठ झाकलेला माणूस तिथं मुका.

अण्णा घरात कधी एवढे बोलताना मी पाहिले नव्हते. ते मागांच्या मधून चालत होते, एका हातानं आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली संपलेली सुताची कांडी काढून दुसऱ्या हातानं भरलेली घालत होते, आणि ओठांनी रसूलमामांना काहीतरी चहाटळ सांगत होते. मी दारातच थांबले आणि वहीत लिहिलं, ‘नऊ वाजून पाच मिनिटं. कांडी बदलतो.’

आणि लाईट गेली.

चोवीस माग एकामागोमाग ढेपाळत थांबले. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानाला दुखते. कुणीतरी वीजमंडळाचा उद्धार केला, कुणी तंबाखू काढली. अण्णा माझ्यापासून दोन हातांवर, पाठ करून, चिंधीनं हात पुसत होते. माझ्या हातात डबा, काखेत वही, मधे मागाची चौकट. वळसा घालून पुढं जायला जागा नव्हती. मी रीत मोडली आणि हाक मारली, “अण्णा.”

ते हात पुसत राहिले.

मी पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारली. पलीकडच्या मागावरच्या माणसानं वळून पाहिलं. त्याच्या पलीकडच्यानं पाहिलं. शेडमधल्या दहाएक माणसांनी माझ्याकडं वळून पाहिलं. अण्णांनी बोटांच्या बेचक्या पुसल्या, मग चिंधी घडी करून खिशात ठेवली.

रसूलमामा लगबगीनं आले, अण्णांच्या समोर उभे राहिले आणि हनुवटीनं माझ्याकडं खूण केली. अण्णा वळले. “कवा आलीस गं?” त्यांनी हसून विचारलं. “हाक मारायची न्हाई?”

रसूलमामांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि मान अगदी बारीक हलवली. नको, असं. मी ओठ नीट हलवत म्हणाले की आत्ताच आले. इतकी वर्षं मी ज्याला वळण समजत होते ते काय होतं, हे मला त्या दोन हाकांमध्ये कळलं. सगळ्यात जास्त राग मला स्वतःच्या हुशारीचा आला होता.

दहा मिनिटांनी लाईट आली. माग एकेक करून सुरू झाले, पुन्हा तो खडखडाट. अण्णा कोपऱ्यात माझ्याकडं पाठ करून डबा उघडत होते. भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि तो तसाच डब्यात टाकून ते उठले. चालत चालत, मधले सात-आठ माग ओलांडून, थेट पलीकडच्या रांगेतल्या एका मागापाशी गेले. तो त्यांचा नव्हताच. त्या मागावरचा माणूस दुसऱ्या मागात वाकलेला होता, त्याला पत्ता नव्हता. माग थांबला होता. अण्णांनी बाण्याचा, म्हणजे आडवा, तुटलेला धागा लावला, माग सुरू केला, आणि परत येऊन भाकरी खायला बसले.

मी रसूलमामांना ओठांनी विचारलं, कसं कळलं? तिथं पंधरा मिनिटांत मला ती भाषा यायला लागली होती, कारण ती मला आधीपासूनच येत होती. आईनं शिकवलेली.

रसूलमामा माझ्या कानापाशी आले. “विरूअण्णाला गोंधळात समदं ऐकू येतंय बाळ. आमच्यापरीस जास्त. शांत झालं की मग न्हाई.”

दुपारी कॉलेजला न जाता मी एका बैठकीत अर्ज लिहिला. नाव: कोलाहल. वय बावन्न. धंदा: कवचनगरच्या जुन्या शेडमध्ये सहा मागांवर विणकर. घरी बायको आणि एक मुलगी, दोघीही जिवंत. शक्ती: जितका गोंगाट जास्त, तितकं त्याला बारीक ऐकू येतं. दंगल, पूर, मिरवणूक, कोसळणारी इमारत, यात ढिगाऱ्याखाली कोण हाक मारतंय ते फक्त त्याला कळतं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता तो कांडी बदलत असतो. त्याला हाक कुणी मारत नाही. ज्याला बोलायचं असतं तो त्याच्या समोर जातो. खाली तुटलेल्या धाग्याचा प्रसंगही मी घातला. कमजोरी लिहिताना मात्र माझा हात अडला. शेवटी मी लिहिलं, ‘शांततेत त्याला थोडं कमी ऐकू येतं.’

आज मी पुण्यात एका खेळ बनवणाऱ्या कंपनीसाठी पात्रं लिहिते आणि नव्या पोरांना तोच मंगळवारचा प्रश्न विचारते. ती पोरं वैतागतात. पण त्या दुपारी मला जसं झालं तसं त्यांच्यातल्या एखाद्याला झालेलं दिसतं, वाक्यं सुचत नाहीत, आठवतात.

बुधवारी उत्तर आलं. मी तीनदा वाचलं.

‘हे पात्र घडवलेलं नाही, बघितलेलं आहे. असं पात्र या नाक्यावर सहा वर्षांत आलेलं नाही. पण नियम सातवा वाचावा. जिवंत माणसावरून पात्र घेतलं असेल तर त्याला ते वाचायला द्यायचं आणि त्याची हरकत नाही असं आम्हाला कळवायचं. तुम्ही नुसतं ‘काल्पनिक’ असं कळवलंत तरी मी नाका उघडीन, कारण तपासायला मी काही इचलकरंजीला येणार नाही. शनिवारपर्यंत वाट बघतो.’

मी ‘काल्पनिक’ हा शब्द टाइप केला. बोट बटणावर ठेवलं. मग पुसला, पैसे दिले आणि घरी आले.

आईला सांगितलं तेव्हा ती भांडी लावत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अकरा वर्षं झाली. त्यो शब्द ह्या घरात कुणी काढलेला न्हाई.” माझे आजोबाही मागावरच होते आणि त्यांचेही कान तसेच गेले होते, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. गल्लीतली पोरं त्यांच्या मागून ‘ए बहिऱ्या’ ओरडत जायची आणि ते आपले पुढं चालत राहायचे. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. त्या पोरांशी मारामाऱ्या करून एकदा हात मोडून घेतला होता. पुढं स्वतःचे कान जायला लागले तेव्हा त्यांनी आईला काहीच सांगितलं नाही. आईनंही काही विचारलं नाही. फक्त आठ वर्षांच्या मला एक नवी रीत शिकवली.

“त्येनला कळंल की पोरीला ठावं हाय,” आई म्हणाली. “मग ते तुझ्यासमोर मान वर करून बसतील का?”

खरं सांगायचं तर मला शहरात जायचंच होतं, ती हाव अजून होती. पण त्याहून एक दुसरी गोष्ट आता जास्त टोचत होती. सत्तर माणसांना मी सांगायला निघाले होते की असा एक माणूस आहे, आणि त्या माणसाला मात्र सांगत नव्हते. हे त्यांच्या मागून ओरडण्यासारखंच झालं असतं.

शुक्रवारी अण्णांना सुट्टी असायची. दुपारी ते सोप्यात बसून पंख्याला तेल घालत होते. मी समोर जाऊन बसले, वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “अण्णा, मी एक लिहिलंय. तुमच्यावरनं हाय. तुम्ही हो म्हटलासा तरच पुढं जाणार. न्हाई म्हटलासा तर फाडून टाकतो.”

अण्णा सातवी शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचायचे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पीठ तसंच. मी त्यांच्या बोटाकडं बघत होते. बोट ‘कोलाहल’वरून पुढं गेलं, बायको आणि मुलीवरून गेलं, गोंगाटावर येऊन थांबलं. बराच वेळ तिथंच होतं. मग पुढं सरकलं. शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन ते पुन्हा वर आलं आणि त्यांनी सगळं दुसऱ्यांदा वाचलं. मला वाटलं, आता वही बंद करतील आणि उठून बाहेर जातील, आणि या घरात यापुढं कुणीच कुणाच्या समोर उभं राहणार नाही.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

“हे चुकलंय,” ते म्हणाले.

मी पुढं सरकले. ‘चोवीस मागांत एक धागा तुटल्याचा आवाज त्याला येतो’ असं मी लिहिलं होतं. अण्णांनी त्यावर काट मारली. “धागा तुटल्याचा आवाज कुणालाच येत न्हाई. चोवीस चालू असत्यात. त्यातला एक गप झाला की कळतंय. ऐकायचं असतंय ते गप झालेलं.” त्यांनी ते समासात लिहिलं, त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरात. मग खाली आले. ‘तो धावत मागापाशी गेला.’ “शेडात पळत न्हाईत. धोटा उडून डोळा जातोय. चालत गेला म्हणून लिव.” तेही दुरुस्त केलं. कांडी मी उजव्या हातात धरायला लावली होती, ती त्यांनी डाव्या हातात दिली. मी घाबरायची विसरून गेले होते. आम्ही दोघं एका माणसाला उभं करत होतो आणि तो कसा उभा राहतो हे एकालाच नीट माहीत होतं.

मग पेन्सिल कमजोरीच्या रकान्याशी आली. ‘शांततेत त्याला थोडं कमी ऐकू येतं.’

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. “थोडं कमी म्हंजे?”

मी वहीतल्या त्या ओळीकडं बघितलं.

“बाकी समदं खरं लिवलंयस आणि हितंच खोटं?” त्यांनी ती ओळ खोडली. सावकाश, एकेक अक्षर कोरत त्यांनी तिच्यावर लिहिलं: ‘शांततेत तो बहिरा असतो.’ आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं. शेडमधल्या माणसांचा आवाज तसाही मोठाच असतो. तो शब्द आमच्या सोप्यात अकरा वर्षांनी पहिल्यांदा उच्चारला गेला आणि तो त्यांनीच उच्चारला. दारात आईनं पिठाचा हात तोंडावर नेला, मग रीत आठवून खाली घेतला.

“अण्णा, नको असला तर काढून टाकू या,” मी म्हटलं. “हा रकाना दुसऱ्या कशानंही भरता येईल.”

“असू दे. ही नसंल तर मग त्यो माणूस कशाला, देवच की. देवाची गोष्ट कोण वाचतंय? देव जिंकणारच असतोय.”

जकातदारांनी मला दोन अर्ज परत करून जे शिकवायचा प्रयत्न केला होता ते माझ्या सातवी शिकलेल्या बापानं एका वाक्यात सांगितलं. मला रडू आलं. मी त्यांना सांगितलं की मला तुमचा फार अभिमान वाटतो. आमच्यात असं तोंडावर कुणी बोलत नाही, पण मी बोलले, ओठ नीट हलवून, एक शब्दही गिळला नाही. अण्णांनी पेन्सिल परत कानावर ठेवली आणि पंख्याकडं वळले. मग पुन्हा माझ्याकडं फिरले.

“खाली माझं नाव घालायचं का न्हाई?”

“तुम्ही म्हणाल तसं.”

“घाल. पुरं घाल. विरुपाक्ष शिवाप्पा मुरदंडे.” त्यांनी वहीकडं बोट केलं. “शिवाप्पा ऱ्हाऊ दे नक्की.”

शिवाप्पा म्हणजे माझे आजोबा.

शनिवारी दुपारी मी अण्णांच्या दुरुस्त्यांसकट अर्ज टाइप केला आणि खाली ते पूर्ण नाव घातलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘नाका उघडला. कोलाहलचं नगरात स्वागत. विरुपाक्षरावांना आमचा नमस्कार सांगा, आणि त्यांना विचारा, धोटा खरंच उडतो का?’

रविवारी पर्व सुरू झालं. कुणीतरी कवचनगरवर मोठा भूकंप आणला. लोक पडझडीत अडकले, भोंगे वाजायला लागले, आणि माझा कोलाहल त्या सगळ्या आवाजात चालत, पळत नव्हे, ढिगाऱ्यांवरून फिरू लागला. जिथं आवाज गप झाला होता तिथं जाऊन तो थांबायचा आणि म्हणायचा, इथं खणा. पाच दिवस मी रोज कॅफेत जाऊन लिहीत होते. सहाव्या दिवशी भूकंप ओसरला, नगर शांत झालं, आणि तो ढिगाऱ्यावर एकटा बसला. त्याला आता काहीच ऐकू येत नव्हतं. मी एवढंच लिहिलं आणि घरी आले. पुढं इतरांनी काय लिहायचं हे माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जे वाचलं ते मी छापून घेतलं आणि घरी नेलं. अण्णा नुकतेच पाळीवरून आले होते. समोर बसून मी त्यांना वाचून दाखवलं, आणि मग त्यांनी कागद घेऊन बोट धरून स्वतः वाचलं.

नगरच्या बँकेतल्या माणसानं लिहिलं होतं: ‘वज्रबाहू ढिगारा चढून वर गेला. वळसा घालून कोलाहलच्या समोर बसला आणि मग म्हणाला, चहा घेणार का?’ लातूरच्या बाईंनी लिहिलं होतं: ‘मेघनानं तोंडावर बांधलेला धुळीचा रुमाल सोडला, त्याच्या समोर आली आणि म्हणाली, दादा, चौदा माणसं निघाली.’ आणखी पाच जणांनी लिहिलं होतं, वेगवेगळ्या गावांतून, एकमेकांना न विचारता. उडणाऱ्या एका पोरानं खाली उतरून मग तोंड उघडलं होतं. अदृश्य असणाऱ्या एकीनं, जी कधीच कुणाला दिसत नसे, त्याच्याशी बोलण्यापुरतं स्वतःला दिसू दिलं होतं. एकानंही त्याला मागून हाक मारली नव्हती.

अण्णांनी कागद दोनदा वाचला. आईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“तू सांगितलंवतंस व्हय त्यास्नी, असं करा म्हणून?”

“न्हाई अण्णा. कुणीच सांगितलं न्हाई.”

त्यांनी कागदाची घडी केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये रसूलमामांना दाखवायची होती हे मला कळलं.

“चांगल्या घरची पोरं दिसत्यात,” अण्णा म्हणाले.